धनुर्वात : प्रौढांतील असामान्य स्वरूपे

क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या सूक्ष्मजंतूच्या विषाचा तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) परिणाम होऊन स्नायूंत ताठरपणा व वेदनायुक्त आकर्ष (अनैच्छिक जोरदार आकुंचने) उत्पन्न करणाऱ्या तीव्र रोगास ‘धनुर्वात’ म्हणतात. पाठीच्या स्नायूंच्या आकर्षामुळे शरीर धनुष्याप्रमाणे मागे वाकते, यावरून हे नाव रूढ झाले आहे. पायात काटा किंवा खिळा घुसणे, आठवड्याभराने दातखीळ बसणे, मान व पाठ ताठणे आणि नंतर लहानशा आवाजानेही आचके येणे हे या रोगाचे चित्र सर्वसामान्यांच्याही परिचयाचे आहे. प्रौढ रुग्णांत मात्र तो नेहमीच या क्रमाने प्रकट होत नाही. एखाद्या रुग्णात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, दुसऱ्यास केवळ गिळता येत नाही, तिसऱ्याचे पोट लाकडासारखे कठीण होते. एखाद्यात फक्त एक पाय आखडलेला राहतो. जखम कित्येकदा सापडतही नाही. असे रुग्ण प्रथम दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ञ, शस्त्रक्रियाविशारद किंवा मनोविकारतज्ञ यांच्याकडे जातात आणि मौल्यवान दिवस वाया जातात. रोग दुर्मिळ होत चालल्याने तरुण वैद्यांपैकी अनेकांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. त्यामुळे ही अडचण कमी न होता वाढलीच आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये अपतानक, धनुस्तंभ, अभ्यंतरायाम व बाह्यायाम यांचे वर्णन आढळते. आघातामुळे, गर्भपातामुळे किंवा अतिरक्तस्रावामुळे झालेला अपतानक बरा होत नाही, असे त्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. या संज्ञांखाली येणारा प्रत्येक विकार म्हणजे आजचा धनुर्वात असे म्हणता येणार नाही. तथापि जखम व गर्भपात यांचा आकर्षांशी असलेला संबंध त्या काळी लक्षात आला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ग्रीक वैद्यांनीही या रोगाची वर्णने केली आहेत.

रोग संक्रामणशील आहे हे कार्ले व रात्तोने या इटालियन शास्त्रज्ञांनी १८८४ मध्ये सिद्ध केले. रुग्णाच्या जखमेतील द्रव्य टोचून त्यांनी सशांमध्ये रोग उत्पन्न केला. त्याच वर्षी निकोलायर यांनी माती टोचून प्राण्यांत धनुर्वात उत्पन्न होतो असे दाखविले. १८८९ मध्ये कीटासाटो या जपानी शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजंतूचे शुद्ध संवर्धन केले आणि १८९० मध्ये बेरिंग व कीटासाटो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. १९२० नंतरच्या दशकात विषाभाची (विषारीपणा नाहीसा केलेल्या, परंतु प्रतिरक्षा उत्पन्न करण्याची क्षमता टिकविलेल्या विषाची) निर्मिती झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना विषाभ टोचल्यामुळे त्यांच्यात धनुर्वाताचे प्रमाण अत्यल्प राहिले.

या रोगाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. तेथील रुग्णालयांत एके काळी धनुर्वाताचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. जे. सी. पटेल व जी. जी. जोग यांनी १९५९ मध्ये रोगाच्या तीव्रतेची प्रतवारी प्रसिद्ध केली. पहिली आंतरराष्ट्रीय धनुर्वात परिषदही १९६३ मध्ये मुंबईस भरली होती. पटेल व मेहता यांनी पुढे ८,६९७ रुग्णांचे विवेचन केले (१९९९). एवढी मोठी रुग्णमालिका क्वचितच प्रसिद्ध झालेली आहे.

कारण व विषाची क्रिया : धनुर्वाताचे सूक्ष्मजंतू दंडाकार, अननिलजीवी (ऑक्सिजनाच्या अभावी वाढणारे) व बीजाणू तयार करणारे आहेत. टोकाशी असलेल्या गोल बीजाणूमुळे त्यांचा आकार ढोल वाजविण्याच्या टिपरीसारखा दिसतो. माती, रस्त्यावरील धूळ आणि घोडे, गुरे इत्यादींची विष्ठा यांत बीजाणू विपुल असतात. ते वर्षानुवर्षे टिकतात व काही मिनिटे उकळल्यानेही मरत नाहीत. दाबाखालील वाफेने १२१° से. तापमानात १५ मिनिटे ठेवल्यास त्यांचा नाश होतो. लोखंडाचा गंज धनुर्वात उत्पन्न करतो ही समजूत चुकीची आहे. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो व त्याने होणारी जखम अरुंद आणि खोल असते, एवढाच त्याचा संबंध. बाभळीचा काटा, उसाचे खुंट किंवा बांबूची फास यांनीही तेच कार्य होते. मृत ऊतक (पेशीसमूह), परकीय पदार्थ किंवा इतर सूक्ष्मजंतूंचे संक्रामण यांमुळे जखमेतील ऑक्सिजन कमी झाला की, बीजाणू अंकुरित होतात.

सूक्ष्मजंतू स्वतः जखमेतच राहतात. हानी करते ते त्यांचे विष. टेटॅनोस्पास्मिन नावाचे हे प्रथिन ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल असून माणसाच्या बाबतीत त्याची किमान घातक मात्रा शरीराच्या दर किग्रॅ. वजनास सु. २·५ नॅनोग्रॅम (एका ग्रॅमचा अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम) असावी, असा अंदाज आहे. इतक्या अल्प विषाने शरीरात प्रतिरक्षा उत्पन्न होत नाही. म्हणूनच एकदा धनुर्वात होऊन गेलेल्या व्यक्तीस तो पुन्हा होऊ शकतो.

विष प्रेरक तंत्रिकांच्या टोकांत शिरते व तंत्रिकांमधून उलट दिशेने मेरुरज्जू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्याकडे जाते. तेथे ते निरोधक कोशिकांत (पेशींत) प्रवेश करून सिनॅप्टोब्रेव्हीन या प्रथिनाचे तुकडे करते. हे कार्य १९९२ मध्ये उलगडले. या प्रथिनाविना ग्लायसीन व गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल ही निरोधक द्रव्ये बाहेर सोडली जात नाहीत. स्नायूंना आवर घालणारी यंत्रणा अशा तऱ्हेने बंद पडते व किंचित उद्दीपनानेही परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. ज्या स्नायूंच्या तंत्रिका आखूड असतात तेथे विषाचा परिणाम आधी दिसतो. जबड्याचे स्नायू प्रथम आखडतात याचे कारण हेच. पुढे अनुकंपी तंत्रिका तंत्रावरील नियंत्रणही सुटते.

नेहमीचे स्वरूप : परिपाक काल (संक्रामणापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा काळ) सामान्यतः ३ ते २१ दिवसांचा व सरासरीने सु. ८ दिवसांचा असतो. जखम मस्तिष्कापासून जितकी दूर तितका तो बहुधा लांबतो. पहिल्या लक्षणापासून पहिल्या आकर्षापर्यंतच्या काळास ‘प्रारंभ काल’ म्हणतात. तो ४८ तासांपेक्षा कमी असल्यास रोग तीव्र समजतात. प्रौढांतील सु. ८० टक्के रुग्णांत सार्वदेहिक प्रकार आढळतो. दातखीळ, भुवया उंचावून व ओठ ताणले जाऊन येणारी विकट हास्यासारखी मुद्रा, मानेचा व पाठीचा ताठरपणा, पोट कठीण होणे आणि नंतर आचके असा त्याचा क्रम वरून खाली जाणारा असतो. हात व पाय यांचे पंजे त्यामानाने मोकळे राहतात. रुग्ण शेवटपर्यंत शुद्धीवर असतो व प्रत्येक आचक्याची वेदना त्यास पूर्णपणे जाणवते. स्वरयंत्राचा आकर्ष झाल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

असामान्य स्वरूपे : शीर्ष धनुर्वात हे त्यांपैकी सर्वांत फसवे स्वरूप होय. डोके, चेहरा किंवा डोळ्यांजवळील जखम, अथवा जुनाट कान वाहणे यांनंतर हा प्रकार उद्‌भवतो. कान कोरण्यासाठी काडी घालण्याची सवय यास पूरक ठरते. परिपाक काल पुष्कळदा एक-दोन दिवसांचाच असतो. यात एक किंवा अधिक मस्तिष्क तंत्रिकांचा पक्षाघात होतो. बहुधा सातव्या म्हणजे आनन तंत्रिकेचा व जखमेच्याच बाजूस. आकर्षाच्या रोगात लुळेपणा यावा हे विसंगत वाटते. विषाचे प्रमाण जेथे जास्त असते तेथे ते तंत्रिका व स्नायू यांच्या संधिस्थानीही संदेशवहन थांबवीत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. डोळे हलविणाऱ्या तंत्रिका बाधित झाल्यास पापणी पडते व एकाच्या दोन वस्तू दिसतात.

पक्षाघात काही रुग्णांत दातखिळीच्या आधीच दिसतो. अशा वेळी बेल पक्षाघात (आनन तंत्रिकेचा अज्ञात कारणाने होणारा पक्षाघात) किंवा वृद्धांत मेंदूतील रक्तपुरवठ्याचा विकार असे निदान करून रुग्णास घरी पाठविण्याची चूक होते. बेल पक्षाघातात तोंड पूर्ण उघडता येते. तेव्हा चेहरा लुळा पडलेल्या प्रत्येक रुग्णास तोंड उघडावयास सांगणे व कपाळ, भुवई आणि कान यांभोवतीची त्वचा बारकाईने पाहणे आवश्यक असते. निरोगी प्रौढाच्या समोरील दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावत असतील, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. शीर्ष धनुर्वाताच्या सु. दोन-तृतीयांश रुग्णांत रोग पुढे सार्वदेहिक होतो, म्हणून केवळ चेहऱ्यापुरती मर्यादित लक्षणे पाहून निर्धास्त राहणे धोक्याचे असते.

स्थानिक धनुर्वातात जखमेच्या जवळच्या स्नायूंचाच ताठरपणा आढळतो. पूर्वी कधी तरी लस घेतलेल्या व अंशतः प्रतिरक्षा असलेल्या व्यक्तींत तो विशेषेकरून दिसतो. पोटरीचे किंवा हाताचे स्नायू आठवडेच्या आठवडे घट्ट राहतात. हालचाल केली की गोळे येतात. रुग्ण लचक, संधिवात किंवा शिरेचे दुखणे समजून तेल चोळीत राहतो. हा प्रकार बहुधा आपोआप बरा होतो व मृत्युमान सु. १ टक्काच असते; परंतु तो सार्वदेहिक धनुर्वाताची पहिली पायरीही असू शकतो. पहिल्या दिवशी या दोहोंतील भेद सांगता येत नाही, म्हणून प्रतिविष व देखरेख दोन्ही प्रकारांत सारखीच आवश्यक असते.

वृद्ध रुग्णांत कधीकधी गिळण्यास त्रास होणे हेच एकमेव लक्षण कित्येक तास वा एखाददुसरा दिवस असते. घसा दुखतो, पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो, आवाज बदलतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाची शंका येऊन दुर्बिणीने तपासणी ठरविली जाते व नळी घशाशी नेताच स्वरयंत्राचा आकर्ष होण्याचा संभव असतो. तोंड उघडत नाही म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्या रुग्णाची अक्कलदाढ काढली जाते. किडके दात व हिरड्यांचे गळू ही दातखिळीची नेहमीची कारणे असल्याने ही चूक स्वाभाविक आहे. तथापि दाताच्या विकारात दातखीळ बहुधा एका बाजूस जास्त असते, तेथे सूज व दाबल्यास दुखणे आढळते आणि मान ताठ नसते.

पोटाचे स्नायू प्रथम आखडल्यास पर्युदरशोथाचा (पोटातील इंद्रियांवरील आवरणाच्या दाहयुक्त सुजेचा) भास होतो. आतडे फुटले असे समजून पोट उघडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत. धनुर्वातात पोट कठीण असले तरी दाबल्यावर त्या प्रमाणात दुखत नाही, आतड्यांचा आवाज ऐकू येतो व थोडे थांबून पाहिल्यास आकर्षाच्या वेळी ताठरपणा वाढतो. याउलट, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर किंवा असुरक्षित गर्भपातानंतर खराखुरा धनुर्वात होतो व अशा रुग्णात पोटाचा ताठरपणा शस्त्रक्रियेचाच परिणाम म्हणून दुर्लक्षिला जातो. शेतकाम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाची अचानक उद्‌भवलेली कंबरदुखी हीदेखील क्वचित पहिली तक्रार असते. अशा रुग्णास आडवे पडूनही आराम मिळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अंतःक्षेपणानंतर (सुई टोचल्यानंतर) होणारा धनुर्वात विशेष घातक असतो. स्नायूत क्विनीन टोचल्यास तेथील ऊतक मरते व बीजाणूंना अनुकूल परिस्थिती मिळते. हेरॉइनसारखी मादक द्रव्ये त्वचेखाली टोचून घेणाऱ्यांतही हा रोग आढळतो. ब्रिटनमध्ये २००३–०४ या काळात अशा व्यसनी व्यक्तींत २५ रुग्णांचा उद्रेक झाला होता. भारताच्या इतिहासात या संदर्भात मलकवालची दुर्घटना नोंदली गेली आहे. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील (आता पाकिस्तानात) या गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी, एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत तयार झालेली असल्याने तिचे प्रमुख व्हॉल्डेमार हाफकीन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला व तो योग्य रीतीने निर्जंतुक केला गेला नाही, ही साक्ष पुढे महत्त्वाची ठरली. रॉनल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकीन यांची बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये त्यांची दोषमुक्तता झाली. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस हाफकीन यांचे नाव देण्यात आले. एका माणसाच्या कार्याचे यात झालेले नुकसान मात्र भरून निघाले नाही.

काही रुग्णांत स्नायूंपेक्षा स्वायत्त तंत्रिका तंत्राची लक्षणेच पुढे येतात. भरपूर घाम, हृदयाची धडधड, एकाच तासात अतिशय वाढणारा व मग एकदम उतरणारा रक्तदाब, लाळेचा पूर ही ती लक्षणे होत. केर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या या अतिक्रियेकडे लक्ष वेधले. ही लक्षणे बहुधा आचके सुरू झाल्यावर काही दिवसांनी दिसतात. तोपर्यंत निदान झाले नसेल, तर हृद्‌रोग किंवा जंतुरक्तता असे नाव देऊन उपचार चालू राहतात.

निदान : धनुर्वाताचे निदान संपूर्णतः रुग्णाच्या तपासणीवर अवलंबून असते. जखमेतील द्रव्याच्या संवर्धनात सूक्ष्मजंतू सु. ३० टक्के रुग्णांतच सापडतात व रोग नसलेल्या व्यक्तीच्या जखमेतही ते असू शकतात. मस्तिष्क-मेरुद्रव प्राकृत (सामान्य) असतो. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे असल्यास धनुर्वाताचा संभव कमी होतो; पण तो अजिबात नाही असे म्हणता येत नाही. जखम न सापडणे हे तर निदान फेटाळण्याचे कारण मुळीच नव्हे. काटा निघून गेलेला असतो, जखम बुजलेली असते किंवा रुग्ण ती विसरलेला असतो. तळपाय, बोटांच्या बेचक्या, कान, दात, मधुमेही वा कुष्ठरोगी रुग्णाच्या पायावरील जुनाट व्रण, अलीकडे टोचलेली सुई व स्त्रियांत गर्भाशय या सर्वांची चौकशी करावी लागते.

शंकास्पद रुग्णात एक साधी कसोटी अतिशय उपयुक्त ठरते. जीभ दाबण्याच्या पट्टीने घशाच्या मागील भिंतीस स्पर्श केला असता निरोगी माणसास उमासा येतो व तो पट्टी बाहेर ढकलण्याचा प्रयत्न करतो. धनुर्वातात याउलट जबडा आवळला जातो व रुग्ण पट्टी चावतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील आपटे व कर्नाड यांनी ४०० संशयित रुग्णांवर ही कसोटी वापरून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धनुर्वात असलेल्यांपैकी ९४ टक्क्यांत ती होकारात्मक ठरली व रोग नसलेल्या एकाही रुग्णात ती तशी आढळली नाही. लाकडाच्या एका पट्टीखेरीज तिला कोणतेही साधन लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती करता येते.

कुचल्यातील स्ट्रिक्नीन या अल्कलॉइडाच्या विषबाधेशी धनुर्वाताचे साम्य सर्वांत जास्त आहे. विषबाधेत मात्र लक्षणे काही तासांत वाढतात व दोन आचक्यांच्या मधल्या वेळात स्नायू शिथिल होतात. धनुर्वातात ते ताठच राहतात. उलटी थांबविण्यासाठी दिलेले मेटोक्लोप्रमाइड आणि मनोविकारांवरील काही औषधे यांमुळेही जबडा व मान वाकडी होऊन आखडते. अशा रुग्णात डोळे वर फिरलेले असतात, मान एका बाजूस वळते व प्रोमेथाझीन किंवा तत्सम औषध नीलेतून दिल्यास थोड्याच वेळात आराम पडतो. रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याने येणाऱ्या अपतानिकेत हातापायांचे पंजे आखडतात व दातखीळ बसत नाही. अलर्क रोगात (पिसाळलेले जनावर चावल्याने होणाऱ्या रोगात) पाण्याची भीती व मनाचा क्षोभ असतो. उन्माद (हिस्टेरिया) हे निदान मात्र सर्व शक्यता संपल्यावरच करावे. तरुण स्त्रीला दातखीळ बसली की ती मानसिक समजण्याची जुनी प्रवृत्ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही, आणि प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतरच्या धनुर्वातात तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

चिकित्सा : निदानाची दाट शंका येताच चिकित्सा सुरू करतात, खात्री पटण्याची वाट पाहत नाहीत. मोकळे विष निष्क्रिय करणे, विषाचा उगम नाहीसा करणे आणि तंत्रिकांत शिरलेल्या विषाचा परिणाम ओसरेपर्यंत रुग्णास जगविणे हे चिकित्सेचे उद्देश असतात. त्यांपैकी तिसऱ्यासच सर्वाधिक वेळ व श्रम लागतात.

मानवी धनुर्वात प्रतिरक्षा ग्लोब्युलीन ५०० आंतरराष्ट्रीय एकक स्नायूत टोचतात. पूर्वी ३,००० ते ६,००० एकक देत. परंतु ५०० एकक तितकेच गुणकारी असल्याचे दिसून आले आहे. ते उपलब्ध नसल्यास घोड्याच्या रक्तरसापासून केलेले प्रतिविष वापरतात. त्याची तीव्र विपरीत प्रतिक्रिया होण्याचा संभव असल्याने आधी चाचणी घेऊन व ॲड्रेनॅलीन जवळ ठेवूनच ते देतात. तंत्रिकांत शिरलेल्या विषावर कोणतेही प्रतिविष चालत नाही, यावरून पहिल्या काही तासांचे महत्त्व ध्यानात येईल. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात प्रतिविष टोचण्याने अधिक लाभ होतो की काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. ब्राझीलमधील २००४ सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष अनुकूल होता, तर व्हिएतनाममधील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम श्वसनाची गरज त्यामुळे लक्षणीय प्रमाणात कमी झाली नाही.

प्रतिविष दिल्यानंतर जखम उघडून मृत ऊतक व परकीय पदार्थ काढून टाकतात. प्रतिजैव औषधांपैकी मेट्रोनिडाझोल पसंत केले जाते. पेनिसिलीनही सूक्ष्मजंतू मारते. परंतु ते स्वतः गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्लास विरोध करते व म्हणून तात्त्विक दृष्ट्या गैरसोयीचे मानले जाते. शीर्ष धनुर्वातात कानाची स्वच्छता विसरली जाऊ नये.

रुग्णास शांत जागी ठेवतात. अनावश्यक स्पर्श, आवाज व प्रखर प्रकाश टाळतात. आकर्षांसाठी डायाझेपाम किंवा मिडाझोलाम हे मुख्य औषध असून इतर विकारांत कधीही न लागणाऱ्या मोठ्या मात्रा येथे द्याव्या लागतात. श्रीलंकेतील ॲटिगाल व रॉड्रिगो यांनी मॅग्नेशियम सल्फेट नीलेतून सतत देण्याची पद्धत पुढे आणली. व्हिएतनाममध्ये २५६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२००६) मॅग्नेशियमामुळे कृत्रिम श्वसनाची गरज कमी झाली नाही. तथापि आकर्ष व रक्ताभिसरणातील अस्थिरता आटोक्यात ठेवण्यास इतर औषधे कमी लागली. मात्रा जास्त झाल्याची पहिली सूचना गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होण्याने मिळते. हातोडीने तपासता येणारी ही खूण लहान रुग्णालयात विशेष उपयोगी आहे.

तीव्र रोगात स्नायू पूर्णपणे शिथिल करणारी औषधे देऊन कृत्रिम श्वसन चालू ठेवावे लागते. कोपनहेगन येथील लासेन, इब्सेन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली व तीमुळे या रोगाच्या चिकित्सेचे स्वरूप पालटले. श्वासनालछेदन (गळ्यापाशी श्वासनालास छिद्र पाडून नळी बसविणे) लवकर करणे हिताचे असते. असामान्य स्वरूपांत, विशेषतः गिळण्याचा त्रास किंवा शीर्ष धनुर्वात असलेल्यांत, प्रतवारीनुसार रोग सौम्य वाटला तरी श्वासमार्ग अचानक बंद होण्याचा धोका असतो. पटेल-जोग प्रतवारी दातखीळ, आकर्ष, परिपाक काल, प्रारंभ काल व ताप या पाच गोष्टींवर आधारलेली आहे. स्वरयंत्राची अवस्था तिच्यात येत नाही. तेव्हा अशा रुग्णास दुसऱ्या गावी हलवावयाचे असल्यास आधी श्वासमार्गाची व्यवस्था करून मगच हलविणे इष्ट ठरते.

कृत्रिम श्वसनाने श्वासावरोध टळू लागल्यावर स्वायत्त तंत्रिका तंत्राचा क्षोभ व रुग्णालयात होणारी इतर संक्रामणे ही मृत्यूची प्रमुख कारणे बनली. मुंबईतील फरोख उदवाडिया व सहकाऱ्यांनी १५० रुग्णांच्या अतिदक्षता चिकित्सेचा जो वृत्तांत १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही या उपद्रवांचा विस्तृत विचार आहे. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे एकटी दिल्यास आकस्मिक मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत, म्हणून मॉर्फीन व मॅग्नेशियम यांवर भर देतात. आकर्षांत ऊर्जा अतिशय खर्च होत असल्याने नळीवाटे भरपूर उष्मांकांचा आहार पहिल्या दिवसापासून देतात. शुद्धीवर असलेल्या पण हलू न शकणाऱ्या रुग्णाशी बोलत राहणे व प्रत्येक क्रिया करण्यापूर्वी त्यास ती सांगणे, हा परिचर्येचा आवश्यक भाग आहे.

आकर्ष पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत प्रबळ असतात. नंतर ते विरळ होत जातात व ताठरपणा आणखी काही आठवडे टिकतो. सुसज्ज अतिदक्षता विभागात मृत्युमान १० ते २० टक्क्यांपर्यंत खाली आणता आले आहे. कृत्रिम श्वसनाची सोय नसेल तेथे ते याहून पुष्कळच जास्त असते. वाचलेला रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो.

प्रतिबंध : भारतात माता व नवजात अर्भके यांच्यातील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. हे यश मोठे असले, तरी ‘निर्मूलन’ या शब्दाचा अर्थ येथे मर्यादित आहे. बीजाणू मातीत आहेत तसेच आहेत. विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना, विशेषतः ग्रामीण भागातील पुरुषांना, प्राथमिक लसीकरण कधीच मिळालेले नाही. स्त्रियांना निदान गरोदरपणी लस मिळण्याची संधी असते. जखम झाल्यावर घेतलेले एकच अंतःक्षेपण आयुष्यभर पुरते किंवा त्याच जखमेपुरते तत्काळ संरक्षण देते, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पूर्वी लस न घेतलेल्या माणसात पहिल्या मात्रेने पुरेशी प्रतिरक्षा उत्पन्न होत नाही. अशा व्यक्तीची जखम मातीने माखलेली वा खोल असल्यास विषाभाबरोबरच २५० एकक प्रतिरक्षा ग्लोब्युलीन दुसऱ्या जागी टोचणे आवश्यक असते. प्राथमिक लसीकरण पूर्ण झालेल्यास स्वच्छ व किरकोळ जखमेनंतर शेवटच्या मात्रेस १० वर्षे आणि दूषित जखमेनंतर ५ वर्षे उलटली असतील, तरच पुनर्मात्रा लागते. केवळ धनुर्वाताच्या विषाभाऐवजी आता धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त लस राष्ट्रीय कार्यक्रमात वापरली जाते. जखमेवर शेण, माती किंवा राख लावू नये. साबण व भरपूर वाहते पाणी यांनी ती धुणे हा पहिला उपाय होय.

रोगातून उठलेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते. त्याच्या शरीरात प्रतिरक्षा निर्माण झालेली नसल्याने विषाभाची पहिली मात्रा रुग्णालयातच, ग्लोब्युलिनापेक्षा वेगळ्या जागी टोचतात. दुसरी मात्रा चार आठवड्यांनी व तिसरी त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी देतात. या दोन्हींच्या तारखा रुग्णास घरी पाठविताना त्याच्या कागदावर लिहून देण्याची पद्धत आहे.